माघ्याचा माळ

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर माघ्याचा नाचणीचा माळ आहे. तिथून आसपासचे चारही पाडे दिसतात, म्हणून मोबाइलच्या टॉवरवाल्यांना तीच जागा हवी होती. पण ते आले ते थेट उभ्या पिकात शिरले आणि फीत लावून मोजायला लागले. माघ्या बांधावरच उभा होता, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"कोणाला विचारून पाय ठेवला?" तो म्हणाला.

त्यांचा साहेब हसला. "बाबा, तुमच्याच भल्यासाठी आहे."

ते हसणं माघ्याला झोंबलं. ग्रामसभेत सगळ्यांनी समजावून पाहिलं. शेजारचा पोश्या, लहानपणी त्याच्याबरोबर गुरं राखलेला, तोही म्हणाला, "दे ना जागा. माझी प्रगती जव्हारला शिकते, घरबसल्या तिच्याशी बोलता येल."

माघ्या हट्टालाच पेटला होता. "पोरीशी बोलायचं तर खिंडीत जा, तिथं येते रेंज. मी माझा माळ देणार नाय."

टॉवरवाले गेले ते परत फिरकले नाहीत.

पुढच्या वर्षी भातकापणीत पोश्याच्या बायकोला, लाडकीला, फुरसं चावलं. भर दुपारची वेळ. चौघं तिला झोळीत घालून डोंगर उतरू लागले आणि अँब्युलन्सला फोन करायला माघ्या खिंडीकडे पळाला. पन्नाशी उलटलेला माणूस, चढ छातीवर येणारा. खिंडीत पोचला तरी रेंजची एक कांडी यायची नि जायची. फोन डोक्यावर धरून तो या दगडावरून त्या दगडावर चढत राहिला, कानाला लावून ओरडत राहिला. फोन लागला तेव्हा उन्हं कलली होती. गाडी आली, पण लाडकी मोखाड्याच्या वाटेवरच गेली.

माघ्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच त्याला सोसेना. दिवसकार्य उरकल्यावर तो पोश्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

"मला शिव्या तरी दे रे."

पोश्या पेंढा बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तू पळालास ना."

बस्स, एवढंच.

मग माघ्या स्वतः मोखाड्याला गेला. खेटे घातले, अर्ज दिला, जागा लिहून दिली. तरीही टॉवर उभा राहायला आणखी दीड वर्ष गेलं.

टॉवर चालू झाला त्या सकाळी पोश्या नवा फोन घेऊन माघ्याच्या अंगणात आला. त्याला नंबर लावता येत नव्हता. माघ्यानं लावून दिला. पहिल्याच रिंगला प्रगतीनं उचलला. "पोरी, मी बोलतोय!" पोश्या शेजारूनच ओरडला.

"बाबा? घरून बोलताय? किती साफ ऐकू येतंय!"

माघ्यानं फोन पोश्याच्या हातात दिला, कोयता उचलला आणि माळाकडे चालू लागला. माळावरचं गवत तर कालच कापून झालं होतं.