कुंदाचं शेण आणि रामरावांची वीज

हिंदी मुलखात, कुंडम गावाच्या वाटेवर रामरावांचा गोठा होता. तिथे शेणाच्या गॅसवर इंजिन चाले आणि त्यातून वीज निघे. चाऱ्याची कुट्टी करायचं यंत्र, पाण्याची मोटर, घरातले पंखे, सगळं त्यावरच. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला आणि दूरदूरची माणसं बघायला येऊ लागली. रामराव हौसेनं समजावून सांगत. त्यांची बायको कुंदा आत चहा करत असे.

पण पहाटे बारा म्हशींचं शेण गोळा करायची ती. पाण्यात कालवायची, गवताच्या काड्या वेचायची, गॅसच्या टाकीत ओतायची. गडी टिकत नसत. वर्षं गेली तशी तिची कंबर मोडली. हिवाळ्यात गार पाण्यानं बोटं आखडत, मग धड पोळीसुद्धा लाटता येईना. रामराव म्हणायचे, "थोडे दिवस गं, एखादा गडी बघतोच."

एका जानेवारीत ती खाटेवरून उठलीच नाही.

"आज काहून झोपून राहिलीस?" रामरावांनी विचारलं.

"आता माझ्याच्यानं नाही होत. तुम्हीच करा."

ती रागानं बोलली नाही.  रामरावांनी स्वतः बादली उचलली. दुसऱ्या दिवशी हात सुजले, तिसऱ्या दिवशी निम्मंच शेण टाकीत गेलं. आधीच थंडीनं गॅस कमी, त्यात हे. पाहुणे येऊन उभे असतानाच इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"क्या हुआ, भैया?" एकानं विचारलं.

रामराव खाली बघत म्हणाले, "इसका असली काम मेरी घरवाली करती थी। वो थक गई है।"

दारामागे उभ्या कुंदाला बरं वाटायला हवं होतं. तिला नुसतं बसावंसं वाटलं.

महिन्याभरात आठ म्हशी विकल्या. इंजिनावर ताडपत्री पडली. घरात सरकारी वीज आली, ती जाऊन-येऊन असते. उरलेल्या चार म्हशींच्या शेणाचा गॅस शेगडीपुरता होतो. शेण आता रामराव कालवतात, हळूहळू, मधेमधे थांबत.

कुंदाला जाग मात्र पहाटेच येते. ती पडल्या पडल्या बादलीचा आवाज ऐकते. मदतीला जावं, असं वाटतं. पण अंग उठत नाही.