लिमये साहेबांच्या ऑफिसची हवा

सांगत नाही म्हटलं तरी कट्ट्यावरची मंडळी पिच्छा सोडत नाहीत. "आबा, एसीचे किस्से सांगा." ऐका मग, आणि मध्ये बोलू नका. एसीवाल्याकडे किस्से फिल्टरमधल्या धुळीसारखे साचतात. झटकले की पुन्हा तेवढेच.

हिंजवडीच्या एका ऑफिसात मी एसी सांभाळतो. शाळा चौथीपर्यंत, पण हवा कळते. नवे मॅनेजर लिमये साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "वीज वाचली पाहिजे आणि तक्रार यायला नको. तीन तक्रारी झाल्या की तुम्ही घरी."

पहिली तक्रार आठवड्याभरातच आली. रूपाली मॅडमना थंडी वाजायची, म्हणून त्यांनी डोक्यावरच्या जाळीला पुठ्ठा चिकटवला. सगळा झोत शेजारच्या जोशींच्या टकलावर. मी पुठ्ठा काढायला शिडी लावली.

"अहो आबा, पुठ्ठा माझा आहे."

"आणि टक्कल माझं आहे," जोशी म्हणाले.

तक्रार दोघांनी मिळून माझी केली.

मग साहेबांना कुणीतरी सांगितलं, बाहेरची हवा आत घेतली की ती गार करायला वीज जाते. म्हणाले, बाहेरच्या हवेची झडप बंद करा. मी म्हटलं, माणसं गुदमरतील. "तुम्ही शिकलात किती?" केली बंद. गुरुवारी कॅन्टीनला मिसळ. दुपारच्या मीटिंगला बारा माणसं त्या वासात पेंगत बसली. साहेब तर स्वतःच्याच भाषणात झोपले.

"हवेत काय घातलंत?"

"काही नाही साहेब. घालू नका म्हणालात."

दुसरी तक्रार.

पुढे गणपती बसले. भिंतीवर सेन्सर असतो, हॉल किती तापला ते तो एसीला सांगतो. साहेबांनी मखर मांडलं नेमकं त्याच्यापुढे. दोन समया, वर दिव्यांच्या माळा. सेन्सर तापला, एसी गारठा ओतत सुटला. लोक स्वेटर घालून आरतीला. मी म्हटलं, मखर हातभर सरकवा.

"स्थापना झालेला देव हलवतात का? एसी तुम्हीच बिघडवलाय. तिसरी तक्रार माझी. निघा."

निघताना मी माझा टॉवेल भिजवून सेन्सरवर टाकला आणि बस धरली. सेन्सर गार, एसी शांत. साहेबांनी सगळ्यांना मेल केला, आबांना काढताच हवा सुधारली.

दोन तासांत टॉवेल वाळला, एसी पुन्हा सुटला. साहेबांचा फोन. "आबा, कुठे पोचलात?"

"हिंजवडीच्याच चौकात. बस हलतेय कुठे."

उतरून चालत परत गेलो. सगळ्यांसमोर मखरामागून टॉवेल काढला, भिजवला, पुन्हा टाकला. पाच मिनिटांत एसी गप्प. "उद्या वेळेवर या," साहेब पुटपुटले. मग हात जोडून, डोळे मिटून म्हणाले, "चुकलं माझं."

गणपतीला म्हणाले. मी बाजूलाच उभा होतो. अजून उभाच आहे, लिमये साहेब.