सहा आणे नजर

रंगाऱ्याला अर्धवट गोष्टींचं वावडं नव्हतं. कापड लाल झालं का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "दहा आणे झालंय. अजून एकदा बुडवलं की बारा." सोळा आणे म्हणजे पुरतं. शेजाऱ्याचा खरेपणा, गुडघ्याची कळ, सगळं त्याच मापाने. आणि आता स्वतःची नजरसुद्धा: एक डोळा कधीच गेला होता, दुसरा सहा आण्यांवर आला होता.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. सत्तर टक्के आशा आहे."

"म्हणजे अकरा आणे दिसणार! अहो, मग उद्याच करा की!" म्हातारा खूश.

त्याची लेक कॉलेजात संभाव्यतेचं गणित शिकवायची. घरी आल्यावर तिने त्याला रंगाच्या पिंपाशेजारी बसवलं.

"बाबा, तसं नाही हो. दहा जणांचं ऑपरेशन केलं तर सात जणांना स्वच्छ दिसतं. तिघांचं आहे तेही जातं."

"म्हणजे नाणेफेक?"

"तसंच. नाणं हवेत आहे तोवर सत्तर टक्के. खाली पडलं की सगळं तरी, नाहीतर काहीच नाही. तुमचे सहा आणे तसे नाहीत. कितीही तपासा, ते सहाच राहतात."

रंगाऱ्याने पिंपाच्या कडेवरून हात फिरवला. सहा आण्यांत पिंपाची कड दिसायची, लेक ओळखू यायची. रंग मात्र सगळे मातकट. रंगाऱ्याने तेवढ्यावर जगायचं?

"तूच सांग. काय करू?"

"सात तिनाहून मोठे," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "पण नका करू, बाबा. आहे तेवढं असू द्या." वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर तिने भोपळाच दिला असता.

"अगं वेडे, भीत भीत बुडवलेल्या कापडावर कधी पक्का रंग चढलाय का?"

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टर कागद घेऊन उभेच होते. "दिसतंय ना? यशस्वी लिहू?"

"तेरा आणे. कडेला धूसर आहे."

"अहो आजोबा, इथे हो किंवा नाही, एवढंच लिहायचंय!"

लेक रडता रडता हसायला लागली. त्या सात जणांना किती आणे दिसतं, हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

म्हाताऱ्याचं लक्षच नव्हतं. त्याने तिला खिडकीकडे वळवलं आणि तिच्या भांगावरून बोट फिरवलं.

"चार आणे पांढरे," तो म्हणाला. "कधी झाले गं? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."