फोटोपुरतं हाउसफुल

आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: इथे कुवेतच्या थिएटरात एका मराठी सिनेमाची शेवटची तीन मिनिटं चोरून फोनवर घेतली, ती मी.

“सरका हो, मधे सरका,” असं शो सुरू होण्याआधी आमचा आयोजक ओरडायचा. इथल्या शुवैख भागात गाड्यांचे सुटे भाग विकणारा, रत्नागिरीकडचा माणूस. अधूनमधून शुक्रवारी सकाळचा एक शो ठरवायचा, पुण्याच्या वितरकाकडून मराठी सिनेमा मागवायचा, आणि आलेल्या साठेक माणसांना मधल्या रांगांत कोंबून फोटो काढायचा. निर्माता तो फोटो ‘कुवेत हाउसफुल’ म्हणून मिरवायचा.

“डॉक्टर, पुढे या,” तो मला म्हणायचा.

“मी लॅब टेक्निशियन आहे हो.”

“फोटोत कळत नाही ते.”

आणि आम्ही कसले प्रेक्षक? तुमच्याही ओळखीचे असतील. मायबोलीवर भाषणं ठोकणारे, वीस मिनिटं उशिरा येऊन वर फुकट पास मागणारे. आमची पोरं मध्यंतरात इंग्रजीत विचारायची, संपणार कधी? तो त्यांना पॉपकॉर्न द्यायचा. “बसलीत ना? कानावर पडतंय. बास झालं.”

सिनेमे बहुतेक टुकार. त्या दिवशी तर नायिका मरता मरता भाषणच देत होती. कॉलेजच्या ग्रुपवर टिंगल करायला मी फोन काढला. क्लिप टाकून खाली लिहिलं, ‘आम्ही परदेशात हे बघतो.’ संध्याकाळपर्यंत ती क्लिप कुठल्या कुठे गेली.

प्रत्येक थिएटरच्या प्रिंटमध्ये डोळ्यांना न दिसणारी खूण असते, हे मला ठाऊक नव्हतं. वितरकाने त्यावरून आमचा शो हुडकला. चार दिवसांनी मी, काही कळतंय का बघायला, ब्रेक पॅडच्या निमित्ताने त्याच्या दुकानात गेलो, तर वितरकाचा फोन स्पीकरवर चालू होता.

“नाव द्या. नाहीतर यापुढे तुम्हाला सिनेमा नाही.”

“सगळी माझी घरची माणसं आहेत, साहेब. त्यांतलं कोणी असं करायचं नाही. मशीन चुकली असेल तुमची.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काय डॉक्टर, खरं ना?”

मी म्हटलं, “खरं.”

सिनेमे बंद झाले. दुसऱ्या कुठल्या वितरकानेही त्याला दारात उभं केलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत विद्वान मंडळी म्हणाली, “त्याला व्यवहारच जमत नव्हता.” मी तिथेच बसून समोसा खात होतो.

गेल्या वर्षी दुकान विकून तो कायमचा गावी गेला. त्या वितरकाला माझ्या नावानिशी पत्र लिहायचं आणि त्याची प्रत आयोजकाला गावी पाठवायची, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून लिहिलेलं नाही.