मागच्या बाकावरची पुस्तकं

शाळेत नवं पुस्तक आलं की बिराजदार बाई त्यावर लगेच शिक्का मारत नसत. आधी त्याची परीक्षा व्हायची. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाई पुस्तक पिशवीत घालून आमच्या विडी कामगारांच्या गल्लीत यायच्या, कुणाच्याही उंबऱ्यावर बसायच्या आणि वर्गातल्या एखाद्या पोरीला ते मोठ्यानं वाचायला लावायच्या. आमच्या आया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असायच्या. "हात चालू द्या, कान हिकडं द्या," बाई म्हणायच्या. पुस्तक संपलं की निकाल. तो बाई देत नसत, आया द्यायच्या.

निकाल कडक असायचा. एका पुस्तकातली सून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदाही उलटून बोलत नव्हती. माझी अम्मा मान वर न करता म्हणाली, "असली सून कुटं मिळती, पत्ता द्या की बाई. नापास!" गल्लीभर हसू पिकलं. मी तेव्हा पाचवीत. मला चेव आला. "मग फेकून द्यायचं का बाई?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नापास झालेल्या पोराला शाळेतनं हाकलतो का आपण? मागच्या बाकावर बसीव त्याला."

तेव्हापासून शाळेच्या लोखंडी कपाटातला सगळ्यांत खालचा कप्पा म्हणजे मागचा बाक. तिथली पुस्तकंही घरी न्यायला मिळत. खरं सांगायचं तर तीच जास्त जायची.

बाई मूळच्या वळसंगच्या. घरात सगळं कानडी. लहानपणी शाळेतलं मराठी पुस्तक घरी नेऊन त्या आईला कानडीत सांगायच्या. आई भाकरी थापता थापता मध्येच अडवायची, "हे खोटं आहे, असं कुणी वागत नाही." बाई म्हणायच्या, "पुस्तकाशी भांडता येतं, हे मला आईनं शिकवलं. पण आधी पूर्ण ऐकून घ्यायची ती. आधी ऐक, मग भांड की." हे 'आधी ऐक, मग भांड' आम्ही वर्गात रोज ऐकलं. डबा पळवल्याच्या तक्रारीलाही हेच उत्तर.

मी मोठी झाले आणि भांडायचंच काम घेतलं. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात उभी राहून ओरडते. त्यामुळे पुढचं सरळच सांगते. वरच्या कुठल्याशा सभागृहात एका माणसानं एक पुस्तक हवेत नाचवलं. त्यानं ते वाचलं होतं का, हे कुणी विचारलं नाही. कायदा व्हायचा तेव्हा होईल म्हणाले, पण आदेश त्याआधीच खाली आला. ते पुस्तक शाळांतून काढा, त्यावर वर्गात बोलू नका. गोष्ट होती शाळेतल्या माठाला हात लावायची मनाई असलेल्या एका मुलीची. आमच्या आयांनी ते केव्हाच पास केलं असतं, पण त्याची परीक्षा अजून व्हायची होती. म्हणे मुलांच्या मनात त्यानं तेढ निर्माण होते. तेढ माठापाशी आहे, पुस्तकात नाही, हे मी ठळक टाईपात छापलं आणि पत्रक घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी ते शांतपणे वाचलं. "उद्गारचिन्हं किती गं ही! धाप लागली मला वाचताना."

"बाई, पुस्तक मला द्या. आमच्या माळ्यावर लपवते."

"चोरीचा माल हाय का लपवायला? शाळेच्या समितीपुढं न्यायचं हाय ते. तिथं नेऊ."

बाईंची निवृत्ती जवळ आली होती. आदेश मोडला तर निलंबन, आणि पेन्शन अडकणार. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी विचारलं, भीती वाटत नाही का? "वाटती की. लई वाटती. म्हणून काय ते न ऐकताच देऊ?"

पालकांसमोर पुस्तक ताब्यात घेतलं, एवढं कागदावर यावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावली होती. पर्यवेक्षक साहेब आले. तक्रार करणारे राजूभाऊ आले. हे आमच्याच गल्लीतले, बाईंचेच जुने विद्यार्थी, आता एका पुढाऱ्याच्या मागेपुढे असतात. आणि आमच्या आया आल्या त्या सुपं घेऊनच. काम थांबवून सभा करायची त्यांना सवय नाही.

"बाई, वाचून दाखवा मग," अम्मा म्हणाली.

"मला मनाई हाय. मी एक अक्षर वाचणार नाही," बाई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. साहेबांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

राजूभाऊंना मात्र दम निघेना. "मी दाखवतो ना काय घाण भरलीय ती! हे बघा पान." त्यांनी खूण केलेलं पान उघडून वाचायला सुरुवात केली. मुलगी माठाकडे हात नेते, गुरुजी ओरडतात.

"थांब रे," मागून एक मावशी म्हणाली. "ही पोरगी कुणाची? माठाला शिवू का देत न्हाईत तिला? पहिल्यापासून सांग की."

"ते महत्त्वाचं नाही मावशी."

"न ऐकताच सही करू काय? वाच गप."

राजूभाऊंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग राजूभाऊंनी पुस्तक पहिल्या पानावर आणलं. आधी भराभरा, तिरसटपणे वाचलं. हळूहळू वेग कमी झाला. मुलगी उन्हातनं दप्तरात पाण्याची बाटली लपवून आणते, ती फुटते, तिथं त्यांचा आवाज जरा खाली आला. विड्या वळणारे हात चालू होते, कान राजूभाऊंकडं होते. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एवढंच म्हणाल्या, "छान वाचतोस रे राजू. चौथीत जोडाक्षराला अडखळायचास."

शेवटची काही पानं उरली आणि साहेब उठले. पुढच्या शाळेत जायचं होतं. पुस्तक राजूभाऊंच्या हातातून घेतलं, पोत्यात टाकलं. सह्या झाल्या. पोतं जीपमध्ये गेलं.

थोड्याच दिवसांत बाईंची बदली झाली, पार गावाबाहेरच्या हद्दवाढ भागातल्या शाळेत. कारण लिहिलं 'प्रशासकीय'. सभेत सुपं दिसली म्हणे, शिस्त बिघडली! मी संतापले, मोर्चा काढते म्हणाले. बाई कपाटाची किल्ली नव्या शिक्षिकेच्या हातात देत होत्या. तिला एकच गोष्ट सांगितली, "खालच्या कप्प्याला कुलूप लावू नका." आया दारात उभ्या होत्या. त्या पोरीचं शेवटी काय झालं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मला मनाई हाय," बाई हसल्या. "पोरांना विचारा. त्यांनी केव्हाच वाचलंय."

त्या शनिवारी आमच्या उंबऱ्यावर शेजारच्या पोरीनं शेवट सांगितला. आया त्यावर संध्याकाळपर्यंत भांडल्या आणि पुस्तक पास झालं. कपाटात नसलेलं पुस्तक.

परवा अम्मा तेंदूची पानं कातरत बसली होती. राजूभाऊ गल्लीत शिरले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, शेवटी त्या पोरीचं काय झालं ओ?"

अम्मानं त्यांच्यापुढं कातर सरकवली. "बस. पानं कातर, सांगते."

मी लगोलग बाईंना फोन लावला. म्हटलं, उद्याच छापते, तक्रार करणाराच गोष्टीचा शेवट विचारत आला! त्याच्या नावानिशी!

"त्याचं नाव नको घालूस," बाई म्हणाल्या. "विचारायला आला की तो. मागच्या बाकावरचं पोरगं हाय, उशिरानं हात वर केला." मग विचारलं, "बसून ऐकलं का पूर्ण?"

"ऐकलं. पानंही कातरली."

बाई फोनवर कितीतरी वेळ हसत होत्या.

पुस्तक अजून पोत्यात आहे आणि पोतं कुठल्या कचेरीत आहे, ते मी शोधते आहे. पत्रक लिहून झालं. राजूचं नाव खोडलं, उद्गारचिन्हंही काढली. आदेश काढणाऱ्यांची नावं ठेवली आहेत. त्यांना एकच विचारलंय: पुस्तक पूर्ण ऐकायला आमच्या गल्लीत कधी येता? शनिवारी या. बसायला उंबरा आहे.