धाकटीच्या बोटांचं माप

चादरीची घडी अर्ध्यावर आली होती. दोन टोकं चष्मेवाल्यांच्या हातात, दोन त्यांच्या बायकोच्या. आता त्यांनी चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक लावायचं, एवढंच उरलं होतं. पण गृहस्थ जागचे हलेनात. चादर ताणून धरून आपल्याच बोटांकडे बघत उभे.

"अहो, येताय पुढे, की घडीपुरता दुसरा नवरा बघू?"

"मी धाकटीचा हात वाया घालवला," ते म्हणाले.

बायकोने आपली टोकं पलंगावर टाकली. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपली चूक कबूल केल्याचं तिला एकदाच आठवत होतं, आणि तेही शेजाऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लावून अर्धा तास झटल्यावर.

माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक समोर बसलं की नाकावर छोटी पट्टी आडवी धरून ते डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर घ्यायचे, आणि स्वतःला अर्ध्या मिलिमीटरचीही सूट द्यायचे नाहीत. "मला तर याच्यातून बरं दिसतंय," असं कुणी म्हटलं की ऐकवायचे, "तुम्हाला वाटतं त्यावर भिंग घासत नाहीत." अख्ख्या गल्लीला हे वाक्य पाठ होतं. त्यांच्या हातचा चष्मा कधी परत आला नाही, हेही तितकंच खरं. देव हातात कसब देतो, आणि पापडाला पीठ लागून यावं तशी थोडी घमेंडही सोबत येते.

त्यांची धाकटी बहीण टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती. मिळेल ते घ्यावं, उरेल ते खावं, असा तिचा स्वभाव. अठ्ठावीस वर्षांची असताना तिने कुठल्याशा समारंभात लो व्हिसल ऐकली. नाव शिट्टीचं, पण वाद्य म्हणजे हातभर लांबीची धातूची उभी बासरी. सहा भोकं, आणि आवाज असा खोल, की रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी गुणगुणावं. धाकटीने जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. दादाने दुकानाला कुलूप लावलं आणि तिला वाद्यांच्या दुकानात नेलं.

तिथे तीन कारागिरांच्या तीन शिट्ट्या होत्या. एक बारीक काळ्या नळीची, एक दोन तुकडे जोडून होणारी, एक जाडजूड ॲल्युमिनियमची. अडचण शेवटच्या दोन भोकांची. त्यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त, आणि धाकटीचा हात आखूड. दादाने खिशातून पट्टी काढली. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मापं घेतली, जशी दोन बाहुल्यांमधली घ्यायचे तशीच. काळी एकेचाळीस मिलिमीटर, जोडाची एकोणचाळीस, जाड छत्तीस.

तोवर धाकटी काळी घेऊन फुंकत होती. "दादा, ही हाताला बरी वाटते."

"हिचंच अंतर सगळ्यात जास्त आहे."

"असेल. पण बोट बसतंय ना."

"तुला वाटतं त्यावर भिंग घासत नाहीत."

दुकानदार हसला. धाकटीही हसली, आणि काळी शिट्टी तिने काचेवर परत ठेवली.

जाड शिट्टी घरी आली. आठ महिने धाकटी रोज संध्याकाळी तिच्याशी झगडली. वरचे सूर निघायचे. खाली आलं की फुस्स. "हातच आखूड माझा, त्याला कोण काय करणार," असं म्हणून तिने ती कपाटावर टाकली. त्यानंतर तिने कशाचाच हट्ट धरला नाही. दादाला तर ती शहाणी झाली असं वाटलं होतं.

आणि काल, तीसेक वर्षांनी, एक ठेंगणी बाई दुकानात आली. सुरांचे कागद नीट दिसत नाहीत, म्हणून चष्मा हवा होता. तिच्या पिशवीतून काळी नळी डोकावत होती. चष्मेवाल्यांनी सहज मागून घेतली, सवयीने पट्टी लावली. एकेचाळीस. बाईचा हात धाकटीपेक्षाही लहान.

"हे तुम्हाला पोचतं कसं?"

"अंतर काय बघता, भोक बघा," बाई म्हणाली. "नळी बारीक, भोकं लहान. बोट तिरकं पडलं तरी झाकतं. जाड नळीत कारागीर पाचवं भोक खाली सरकवतात, म्हणून अंतर कमी दिसतं. पण खाली सरकवलं की ते मोठं करावं लागतं. बारीक बोटाखालून सगळी हवा निसटते."

चष्म्याच्या मापात बाहुली लहान की मोठी, हे कधी धरावं लागत नाही. त्यांनी भोकांचंही धरलं नव्हतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग हे मला काय सांगता? जाऊन ताईंना सांगा."

"आता काय उपयोग?"

"उपयोग नसला तरी सांगायचं. देवापुढे रोज हात जोडता, ते सोपं असतं. तो उलट विचारत नाही."

धाकटी दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दादा गेले तेव्हा ती डाव्या हाताने कुंडीतली माती उकरत होती. त्यांनी उभ्याउभ्याच आकड्यांसकट सगळं सांगितलं.

"झालं सांगून?" तिने विचारलं. "बस आता."

"तुला राग नाही आला?"

"मला त्याच दिवशी माहीत होतं, दादा. बोट बसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा बोलले." तिने मातीतलं एक मूळ उपटलं. "तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. पुढे माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. हात आखूड, हे मीही खरं धरून चालले."

"आपण काळी आणू. आजच आणू. मी माप घेणार नाही."

धाकटीने उजवा हात पुढे केला. मधल्या दोन बोटांचे सांधे सुजून गाठीसारखे झाले होते. "भोकावर ठेवलं तर हे बोट उचलायला दुसरा हात लागेल."

त्यांनी तो हात हातात घेतला. भावंडांनी असा हात धरून वर्षं लोटली होती. 

"आलाच आहेस तर एक काम कर," धाकटी म्हणाली. "डॉक्टरांनी गरम मेणात बोटं बुडवायला सांगितलंय. त्याचं विजेचं भांडं मिळतं. एक उथळ असतं, एक खोल. मला उथळ हवंय."

"खोल भांड्यात मेण जास्त वेळ गरम—"

तिने डाव्या हाताची माती झटकली आणि दादाकडे बघितलं.

"उथळ," ते म्हणाले.

जिना उतरून ते औषधांच्या दुकानाकडे वळले. उथळ भांडं आणि दोन किलो मेण आणायचं होतं.