माझ्या नावाने उघडलेलं दार

आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. कौतुकाने नाही सांगत, भोगलंय म्हणून सांगतेय. वहिनीला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा आईने रविवारची मिस्सा सुटते न सुटते तोच चर्चच्या आवारात बातमी वाटून टाकली, आणि दोन्ही वेळा पुढे जे व्हायला नको तेच झालं. मग ज्यांनी अभिनंदन केलं होतं तीच माणसं केळ्यांच्या फण्या घेऊन सांत्वनाला आली. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि बाहेर ओटीवर कुणीतरी सुस्कारे टाकत म्हणतंय, "देवाची मर्जी गो, बाय." दुसऱ्या वेळेनंतर दादा आणि वहिनी विरारला फ्लॅट घेऊन राहायला गेले. आमच्या नंदाखालपासून विरार काही लांब नाही, पण लोकांच्या नजरा चुकवायला तेवढं पुरतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा वहिनीने ते दादाला सांगितलं, डॉक्टरबाईंना सांगितलं आणि मला. मला सांगण्याचं कारण नातं नव्हतं, माझी नोकरी होती.

"बाय, डॉक्टरबाईंच्या हॉस्पिटलचं सगळं आता तुमच्या सॉफ्टवेअरवर असतं ना? माझं नाव कोण कोण बघेल?"

"डॉक्टरबाई आणि त्यांची माणसं. बस्स."

"आणि तुमच्या ऑफिसातलं कोण?"

"कुणाची टाप आहे? मी बसलेय ना तिथे!"

तिने माझा हात धरला. "आईंना कळू देऊ नकोस. गावाला तर नाहीच. पोट दिसेपर्यंत मला शांतपणे जगू दे. या वेळी कुणाचं 'अरेरे' मला सहन होणार नाही."

मी तिला वचन दिलं. माझ्या तोंडाला फाटक नाही असं सगळे म्हणतात, पण ते भांडणापुरतं. दुसऱ्याचं गुपित माझ्याकडे आलं की ते तिथेच राहतं. शिवाय माझा धंदाच तो होता.

आधी मी मुंबईच्या एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होते, सुरक्षा विभागात. माणूस नोकरी सोडून चालला की त्याची सगळी दारं बंद करणं हे माझं काम. तिकडे मित्रमंडळी निरोपाचा केक आणायला गेलेली असायची आणि इकडे मी त्याचं लॉगिन बंद करून मोकळी. केक कापायच्या आधी माणूस कापलेला. एकदा एका गृहस्थाला निवृत्तीच्या दिवशी स्वतःचं भाषण कॉम्प्युटरवरून काढता येईना, इतकी मी तत्पर! आणि एवढी तटबंदी असूनही कुणीतरी बोनसच्या खोट्या मेलवर टिचकी मारायचाच. कुठल्या तरी कंत्राटदाराचं लॉगिन, तो जाऊन वर्षं उलटली तरी, उघडंच सापडायचं. हजारो माणसं, हजारो दारं, आणि कुणाला कुणाचं तोंड माहीत नाही. काही घडलं की समिती बसायची आणि चूक कुणाचीच नसायची. मला त्या कोरडेपणाचा वीट आला.

तेव्हा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने हाक मारली. ती अर्नाळ्याची, मच्छीमाराची मुलगी. आगाशीजवळ एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिने छोटी कंपनी काढली होती. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं, माणसं मोजकीच. दुपारी खालून गरम पाव वर यायचे, खिडकीतून केळीची बाग दिसायची. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे?" तर सगळे एकसुरात म्हणाले, "सगळ्यांकडे!" आणि पासवर्ड काय, तर तिच्या बापाच्या होडीचं नाव. अगं, ते नाव होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, हातभर अक्षरांत रंगवलेलं! अख्ख्या अर्नाळ्याला पाठ! मी कपाळावर हात मारला. ती खो खो हसत म्हणाली, "आमच्यात चोर कोण आहे गो? आमची घरं कधी कुलूप बघतात का? किल्ली शेजारणीकडे देऊन लग्नाला जातो आम्ही."

खरं होतं ते. आमच्याकडेही तसंच. शेजारणीला किल्ली दिली नाही तर तिला राग येतो, चार दिवस बोलत नाही. पण दवाखान्याचं सॉफ्टवेअर म्हणजे काही आपली पडवी नव्हे. मी प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं, मोबाइलवर येणारा आकडा टाकल्याशिवाय दार उघडणार नाही असं केलं, आणि कुणी कधी कुणाची माहिती उघडली याची आपोआप नोंद होईल अशी सोय केली. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग राहिला तिचा चुलतभाऊ. सुरुवातीचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलेलं, पण आता तो मुंबईत एका मोठ्या कंपनीत नोकरीला होता. तरी त्याचं लॉगिन इथे चालूच.

"ते बंद कर," मी म्हटलं.

"घरचा आहे तो. त्याला दार लावलं तर काकी माझ्या तोंडाकडे बघणार नाही."

"मग मी जाते."

तिने माझ्यासमोर ते बंद केलं. तोंड फुगवून केलं, पण केलं. मी खूश.

पुढे हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंकडे एक मोठी कंपनी आली, सूटबूट घालून. बाईंनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तू दोन्हीकडे राहिलीस. खरं सांग, माझ्या पेशंट कुठे जास्त सुरक्षित राहतील? लहान कंपनीकडे की मोठ्या?"

मी छाती पुढे काढून बोलले. म्हटलं, मोठ्यांकडे पहारेकरी पुष्कळ, पैसा पुष्कळ, हे मान्य. पण दारंही तितकीच, आणि चोरांचा डोळाही त्यांच्यावरच. आमच्याकडे पहारेकरी मी एकटी, पण दारं बोटांवर मोजण्याइतकी आणि प्रत्येक दारामागचं माणूस माझ्या ओळखीचं. "बाई, तिथे तुमची पेशंट म्हणजे एक नंबर. इथे ती कुणाची कोण हे आम्हाला माहीत असतं." हे वाक्य मी मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि काम आमच्याकडेच ठेवलं. बाहेर मैत्रिणीने मला मिठी मारली. वहिनीचं नाव तेव्हा त्याच सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि मला त्याची काडीची काळजी नव्हती.

मग आमच्या आळीत एक लग्न निघालं. आदल्या दिवशी मांडवात सगळ्या बायका भाजी चिरायला जमल्या. वहिनीही आली, नाही आली तर संशय यायचा म्हणून. तिने पाण्याचा टोप उचलायला हात घातला आणि समोरून एक बाई ओरडली, "अगो, ठेव ठेव! या दिवसांत जड उचलायचं नसतं! आधीच दोनदा झालंय ना तुझं?"

ती बाई म्हणजे मैत्रिणीच्या त्या चुलतभावाची बायको. आमच्याच आळीतली मुलगी, अर्नाळ्याला दिलेली. मांडवातल्या साऱ्या सुऱ्या थांबल्या. आई कांदा चिरत होती, ती तशीच उठली, "काय? खरंच?" म्हणत रडायला आणि हसायला एकदमच लागली. आणि वहिनीने बघितलं कुणाकडे? त्या बाईकडे नाही, आईकडे नाही. माझ्याकडे. मी जोरजोराने मान हलवली, पण तिने तोंड फिरवलं आणि दादाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी लग्न सोडून मी ऑफिस उघडलं आणि नोंद काढली. वहिनीची माहिती आमच्या बाजूने एकदाच उघडली गेली होती. एका रविवारी सकाळी, माझ्या नावाने.

त्या वेळी मी चर्चमध्ये होते. गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहून गात होते, अख्ख्या गावाने बघितलंय. मैत्रीण आल्याबरोबर मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिचा चेहराच सगळं बोलला.

कंपनीची मालकीण म्हणून सगळी लॉगिन तिच्या हातात असायची. माझ्या नावाला तिने ऑफिसचा फोन जोडून ठेवला होता, मला न सांगता; म्हणजे दार उघडायचा आकडा त्या फोनवरही यायचा. चुलतभावाचं दार माझ्यासमोर बंद केलं आणि मागून त्याला माझ्या दाराची किल्ली दिली. तो सुट्टीच्या दिवशी ऑफिसात यायचा, काही बिघडलं असलं तर फुकटात दुरुस्त करून द्यायचा. वहिनीचं नाव त्याने मुद्दाम शोधलं की कामात समोर आलं, देव जाणे. बायकोला मात्र सांगितलं.

"माझंच का दिलंस?" मी विचारलं. "तुझं का नाही दिलंस?"

ती म्हणाली, "माझ्या लॉगिनमध्ये कंपनीचे हिशोब दिसतात. ते त्याला कशाला दाखवू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे तुझे हिशोब झाकायचे आणि बायकांची पोटं उघडी टाकायची? त्याच्यावर एवढाही भरवसा नव्हता, तर माझं नाव कसं दिलंस गो त्याच्या हातात?"

"तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही म्हणून दिलं," ती म्हणाली. असं म्हणाली, जसं काही माझा सन्मानच केला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच. परका कापतो तेव्हा निदान ओरडता तरी येतं.

मी तिला एकच गोष्ट मागितली. "कंपनीचं काय व्हायचं ते होवो. माझ्याबरोबर विरारला चल आणि वहिनीसमोर सांग की ती मी नव्हते." ती रडली, हो म्हणाली, शुक्रवारी जाऊ म्हणाली. शुक्रवारी तिचा फोन बंद. मी तशीच हॉस्पिटलला गेले, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझी मैत्रीण काल येऊन गेली. तुझ्या लॉगिनवरून झालं म्हणाली. सुरक्षेचं सगळं तूच बघायचीस, असंही म्हणाली."

मी जे होतं ते सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मला वाटतं विश्वासही ठेवला. पण म्हणाल्या, "मी त्या मोठ्या कंपनीकडे चाललेय. तिथे माझा फोन कुणी उचलत नाही, मला माहितेय. उद्या तिथेही चोरी होईल. पण चोरून नेलं तरी नेणाऱ्याला माझी पेशंट कोण ते माहीत नसेल. तिथे तिची नणंद बसलेली नसते, शेजारीण बसलेली नसते. हे तूच मला सांगितलं होतंस, फक्त उलट्या बाजूने."

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

विरारला मी एकटीच गेले. वहिनीने दार उघडलं, आत घेतलं, चहाही दिला. मी चर्च सांगितलं, ऑफिसचा फोन सांगितला, चुलतभाऊ सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "तुमचं ते मोबाइलवरूनही उघडतं ना, बाय?"

"उघडतं, पण..."

"आणि तुझी मैत्रीण कुठे आहे?"

मैत्रीण नव्हती. तिला मी नंतरही फोन केले, मेसेज केले, एकदा अर्नाळ्याला तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "चुलतभावाची नोकरी जाईल गो," ती आतूनच म्हणाली. "वहिनी काय, तुझ्या घरचीच. ती समजून घेईल." कुंपणच शेत खातं म्हणतात. आमच्या कुंपणाने शेत खाऊन वर शेताला समजूतदारपणा शिकवला.

नोकरी मी सोडली. जाताना माझं लॉगिन मीच बंद केलं, दोनदा तपासून.

नंतर दादाचे फोन कमी झाले. मी विचारलं की "बरी आहे" एवढंच. आईला विचारलं तर आई म्हणायची, "मला कोण काय सांगतं? तू आणि तुझा दादा, दोघं सारखेच." मला बरंच वाटायचं, की आईलाही सांगत नाहीत, म्हणजे निदान मी एकटी नाही.

परवा बाजारात मासळी घेताना कोळीण म्हणाली, "काय गो, आत्या झालीस, पार्टी कधी?" मी पिशवी तिथेच ठेवून घरी आले. आई ओटीवर लहान लहान दुपटी शिवत होती. अर्धा ढीग शिवून झालेला. म्हणजे बरेच दिवस शिवत होती, मी बाहेर गेले की.

"कधी झालं?"

"गेल्या आठवड्यात. मुलगी. दोघी सुखरूप आहेत."

"तुला तिकडचं कधीपासून कळत होतं?"

"मांडवात कळलं तेव्हापासून. दर आठवड्याला जात होते मी तिच्याकडे."

"आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस?"

आईने सुईतला दोरा दाताने तोडला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिने शपथ घातली होती गो. म्हणाली, सगळ्या गावाला सांगा आई, फक्त तिला नको."